मातीवरच्या शर्यती आणि टू-स्ट्रोक एंजिन : नाशिक परिसराच्या संदर्भात एका पसंतीचा इतिहास

यंत्रांच्या इतिहासात शोधाला जे स्थान मिळते ते पसंतीला मिळत नाही. एखादे यंत्र कोणी शोधले, केव्हा शोधले, त्यापायी कोणते जुने यंत्र मागे पडले, याच्या नोंदी सापडतात. मागे पडलेल्या यंत्राला काही माणसे त्यानंतरही का धरून राहतात, हा प्रश्न मात्र बहुधा हौशीच्या सदरात टाकून दिला जातो. मातीवरच्या मोटरसायकल शर्यतींतील टू-स्ट्रोक एंजिनाचे प्रकरण या दृष्टीने तपासून पाहण्याजोगे आहे. रस्त्यावरून हे एंजिन जवळजवळ नाहीसे झाले आहे, मोठ्या जागतिक स्पर्धांतही त्याची पीछेहाट झालेली आहे. तरीही मोटोक्रॉस, सुपरक्रॉस अथवा नुसत्या 'डर्ट' या नावाने ओळखल्या जाणाऱ्या खेळात त्याचा आग्रह धरणारे स्वार आहेत, आणि त्यांत नुसते वयोवृद्ध स्मरणरंजक नाहीत.

या प्रकरणाचा विचार नाशिकच्या संदर्भात करण्यास सबळ कारण आहे. २०१० नंतरच्या दशकात राष्ट्रीय सुपरक्रॉस स्पर्धेच्या काही फेऱ्या या शहरात झाल्या; मोटारींची 'रॅली ऑफ महाराष्ट्र' ही शर्यतही याच परिसरातील कच्च्या वाटांवर धावली. पण शर्यतींच्या यजमानपदापेक्षा महत्त्वाची गोष्ट वेगळी आहे. महाराष्ट्रातील मध्यम आकाराच्या एखाद्या शहरात मातीवरची शर्यत खेळू पाहणाऱ्या तरुणाच्या हाती प्रत्यक्षात कोणते यंत्र होते, ते कोण दुरुस्त करी, आणि त्याचा खर्च कोण सोशी, हे प्रश्न नाशिकच्या निमित्ताने नेमकेपणाने विचारता येतात. या पसंतीचे मर्म त्यांच्याच उत्तरांत आहे.

टू-स्ट्रोकच्या आवडीची दोन स्पष्टीकरणे नेहमी दिली जातात. पहिले यंत्रशास्त्रीय आहे : टू-स्ट्रोक एंजिन क्रँकच्या प्रत्येक फेऱ्याला एकदा स्फोट करते, फोर-स्ट्रोक दोन फेऱ्यांतून एकदा, म्हणून तेवढ्याच आकारमानात पहिल्याची शक्ती दुप्पट. दुसरे स्पष्टीकरण भावनेचे आहे : तो आवाज, तो जळक्या तेलाचा वास, ती तरुणपणाची आठवण. दोन्ही स्पष्टीकरणांत तथ्याचा अंश आहे. तथापि दोन्हींवर विसंबून राहिल्यास इतिहास हाती लागत नाही.

प्रथम दुपटीचा हिशेब पाहू. फोर-स्ट्रोक एंजिनात हवा-पेट्रोलचे मिश्रण आत घेणे, ते दाबणे, त्याचा स्फोट आणि जळालेला वायू बाहेर घालवणे या चार क्रियांना दट्ट्याची चार स्वतंत्र धाव मिळते, आणि दारांची उघडझाप व्हॉल्व करतात. टू-स्ट्रोकमध्ये व्हॉल्व नाहीत. सिलिंडरच्या भिंतीतच छिद्रे असतात आणि वरखाली होणारा दट्ट्याच ती उघडतो व झाकतो. ताजे मिश्रण आत शिरते त्याच क्षणी जळका वायू बाहेर पडत असतो. किंबहुना आत येणाराच बाहेर जाणाऱ्याला ढकलतो. त्यामुळे ताज्या मिश्रणाचा बराचसा भाग न जळताच धुराबरोबर निघून जातो, आणि छिद्रे उघडी असेपर्यंत दट्ट्याच्या धावेचा काही हिस्सा वायाही जातो. दुपटीचे गणित इथेच बिघडते. भारतातील परिचित वाहनांचे आकडे याची साक्ष देतात. १९८५ साली बाजारात आलेल्या हीरो होंडा सीडी १०० या फोर-स्ट्रोक मोटरसायकलीचे एंजिन ९७ घनसेंटिमीटरचे होते व शक्ती सुमारे साडेसात अश्वशक्ती; त्याच वर्षी आलेल्या यामाहा आरएक्स १०० चे टू-स्ट्रोक एंजिन ९८ घनसेंटिमीटरचे, शक्ती ११ अश्वशक्ती. म्हणजे प्रमाण दुप्पट नव्हे, दीडपटीलाही थोडे कमीच. त्याहून बोलका दाखला राजदूत १७५ चा आहे. तिचे एंजिनही टू-स्ट्रोकच, आणि आकारमान सीडी १०० च्या पावणेदोनपटींहून मोठे. परंतु तिची शक्ती त्या छोट्या फोर-स्ट्रोकहून फारशी अधिक नव्हती.

राजदूत आणि आरएक्स १०० यांच्यातील अंतर हे पन्नाशी-साठीच्या दशकांतील युरोपीय इतिहासाचे अंतर आहे. टू-स्ट्रोक चक्राचे एंजिन डुगाल्ड क्लर्क याने १८७८ च्या सुमारास ब्रिटनमध्ये घडवले. क्रँककेसमधूनच मिश्रण वर ढकलण्याची सुटसुटीत रचना जोसेफ डे याने १८९१ मध्ये सिद्ध केली. मिश्रणाला सिलिंडरमध्ये वळसा घेऊन जायला लावणारी आडोल्फ श्नुर्ले याची जर्मन योजना १९२० नंतरच्या दशकातली. डीकेडब्ल्यू कंपनीने ती उचलली, आणि तिच्या आरटी १२५ या साध्या मोटरसायकलीची नक्कल दुसऱ्या महायुद्धानंतर इंग्लंड, अमेरिका, रशिया व जपान अशा चारही दिशांना झाली. यामाहाची १९५५ सालची पहिली मोटरसायकल ही त्याच वंशातली. तोवर टू-स्ट्रोक हे गरिबाचे, कामचलाऊ एंजिन होते. त्याला शर्यतीचे एंजिन बनवले ते पूर्व जर्मनीतील एमझेड कारखान्याचा अभियंता वाल्टर काडेन याने. धूर बाहेर जाताना नळीत दाबाची लहर उठते. नळीला पोटासारखा फुगवटा देऊन पुढे ती निमुळती केली, तर ती लहर नेमक्या क्षणी परत फिरते आणि निसटू पाहणारे ताजे मिश्रण पुन्हा सिलिंडरमध्ये दडपते. सायलेन्सरच्या आकारातून एंजिनाची शक्ती वाढवण्याची ही विद्या काडेनने पूर्णत्वास नेली. १९६१ मध्ये त्याचा स्वार एर्न्स्ट डेग्नर स्वीडनमधील शर्यतीनंतर पश्चिमेकडे पळाला आणि सुझुकी कंपनीस जाऊन मिळाला. १९६२ मध्ये सुझुकीने ५० घनसेंटिमीटर वर्गाचे विश्वविजेतेपद जिंकले. जपानी टू-स्ट्रोकच्या भरभराटीमागे एका पूर्व जर्मन कार्यशाळेतील ज्ञान असे उभे आहे.

मातीवरच्या शर्यतींत हा पालट थोड्या उशिराने, पण अधिक निर्णायकपणे घडला. ५०० घनसेंटिमीटरच्या मोटोक्रॉस वर्गात १९६५ पर्यंत फोर-स्ट्रोकचे राज्य होते. त्या वर्षीचा विजेता जेफ स्मिथ हा इंग्रज बीएसए कंपनीच्या फोर-स्ट्रोकवर होता. १९६६ मध्ये पूर्व जर्मनीच्या पाउल फ्रीडरिक्सने चेकोस्लोव्हाकियाच्या सीझेड टू-स्ट्रोकवर ते पद घेतले, आणि त्यानंतर १९९३ पर्यंत या वर्गात एकही फोर-स्ट्रोक विजयी झाली नाही. सत्तावीस वर्षांचा हा एकछत्री अंमल भारतीय स्वाराने दुरूनच पाहिला. परंतु ज्या देशांत तो घडला त्याच देशांशी भारताचा यंत्रव्यवहार होता, ही बाब लक्षणीय आहे. १९६१ पासून म्हैसूरच्या आयडियल जावा कारखान्यात चेक बनावटीची २५० घनसेंटिमीटरची टू-स्ट्रोक तयार होऊ लागली. एस्कॉर्ट्स कंपनीची राजदूत १७५ ही पोलंडच्या एसएचएल मोटरसायकलीवरून बेतलेली होती. मोटोक्रॉसच्या मैदानावर सीझेड जिंकत होती तेव्हा तिची भावंडे खानदेश-नाशिकच्या वाटांवर दुधाच्या किटल्या वाहत होती.

येथे कालनिर्णयाचा मुद्दा येतो, आणि तो न पाहिल्यामुळे पसंतीविषयीच्या पुष्कळ चर्चा फसतात. पसंती म्हणावयास पर्याय असावा लागतो. पन्नाशीच्या दशकात तयार मोटरसायकलींच्या आयातीवर निर्बंध आले. पुढची तीस वर्षे भारतीय ग्राहकापुढे मोजकीच वाहने होती. त्यांतील फोर-स्ट्रोक म्हणजे मद्रासची एनफील्ड बुलेट. ती दणकट व भारदस्त, पण उंचवट्यांवरून उडवण्यासाठी फार जड. बाकी सारे टू-स्ट्रोक : पुण्याजवळ आकुर्डीला होणारी बजाजची स्कूटर, जिच्यासाठी ग्राहक दहा-दहा वर्षे क्रमांक लावून बसत, अहमदनगरच्या कायनेटिक इंजिनिअरिंगची १९७२ ची लुना, जावा व पुढे येझ्दी, आणि राजदूत. या काळातील स्वार टू-स्ट्रोकवर बसला याचे कारण त्याची आवड नव्हे. परवाना-व्यवस्थेने त्याच्यासाठी आधीच निवड करून ठेवली होती.

खरा पर्याय उपलब्ध झाला तो १९८० नंतर, जपानी कंपन्यांशी सहकार्यास परवानगी मिळाल्यावर. १९८४ ते १९८६ या अवघ्या तीन वर्षांत चार जपानी कंपन्यांच्या शंभर घनसेंटिमीटर वर्गातील मोटरसायकली भारतात आल्या : इंड-सुझुकी एएक्स १००, हीरो होंडा सीडी १००, यामाहा आरएक्स १०० आणि कावासाकी-बजाज केबी १००. यांपैकी हीरो होंडा तेवढी फोर-स्ट्रोक, बाकी तिन्ही टू-स्ट्रोक. (खुद्द होंडानेही स्कूटरच्या बाबतीत कायनेटिकशी भागीदारी करून टू-स्ट्रोकच दिली, हे विसरता कामा नये.) बाजाराने पुढे हीरो होंडाच्या बाजूने कौल दिला, कारण ती एका लिटरमध्ये इतरांहून कितीतरी अधिक अंतर जाई. कारकून, शिक्षक, विमा-प्रतिनिधी तिच्याकडे वळले. शर्यतीचा तरुण वळला नाही. त्याने आरएक्स १००, आणि नव्वदीच्या दशकात तिच्या जोडीने टीव्हीएस-सुझुकीची शोगन, हीच वाहने धरली. या निवडीला मात्र पसंती हे नाव शोभते, कारण आता दुसरे दार उघडे होते.

त्या पसंतीचे कारण स्वारांच्या भाषेत एका शब्दात सांगितले जाते : पिकअप. मूठ पिळताच गाडी तत्काळ झेपावली पाहिजे. मातीच्या वळणावर मागचे चाक घसरू देऊन गाडी फिरवायची, लगेच समोरच्या उंचवट्यावर उडवायची, तर या झेपेवाचून भागत नाही. आणि टू-स्ट्रोकच्या शक्तीचा एकदम उसळणारा टप्पा ती पुरवतो. पण या गुणाला मर्यादा आहे हे अनुभवी स्वार स्वतःच मान्य करतात. सुक्या, कठीण मुरमावर फोर-स्ट्रोकची संथ व अखंड ओढ चाकाला अधिक पकड देते. टू-स्ट्रोकचे चाक तेथे नुसतेच फिरते. उतारावर मूठ सोडली की फोर-स्ट्रोक एंजिन स्वतःच गाडीला आवरते, टू-स्ट्रोक मोकळी सुटते. नाशिकची भूमी या दोन्ही बाजूंचे पुरावे देते. शहराच्या पूर्वेस सिन्नरकडील कोरड्या माळांवर एक निष्कर्ष निघतो; पश्चिमेस त्र्यंबकेश्वर, पेठ व इगतपुरीच्या अंगाला, जेथे पावसाचे मान काही पटींनी चढत जाते, तेथे दुसरा. पावसाळ्यातील चिकण काळी माती चाकांना थापून बसते, गाडी रुतते, आडवी पडते. तेव्हा ती हातांनी उचलून पुन्हा सुरू करावी लागते, आणि अशा वेळी हलके व सहज पुन्हा पेटणारे एंजिन ज्याच्या हाती तोच पुढे जातो.

वजनाविषयीच्या प्रचलित समजुतीलाही थोडी मुरड घालावयास हवी. शर्यतीसाठीच बनवलेल्या आजच्या यंत्रांत यामाहाची २५० ची टू-स्ट्रोक इंधनासह सुमारे १०४ किलो भरते आणि तिच्याशी बरोबरी करणारी ४५० ची फोर-स्ट्रोक सुमारे ११०. काट्यावरचा फरक पाच-सहा किलोंचा. स्वार मात्र तो त्याहून पुष्कळ मोठा सांगतात. यात अतिशयोक्तीचा दोष देण्याचे कारण नाही. फोर-स्ट्रोकच्या डोक्यात कॅमशाफ्ट, साखळी व व्हॉल्व यांचा संसार असतो, म्हणजे वजन वर चढलेले असते. शिवाय फिरत्या भागांचा जोर गाडीला सरळ रेषेत राखू पाहतो. वळवताना हाताला जे जड लागते त्याचे मोजमाप वजनकाट्यावर होत नाही.

इतके सारे मान्य केले तरी मुख्य कारण अजून पुढेच आहे, आणि ते मैदानावर सापडत नाही. ते गॅरेजात सापडते. सिलिंडरच्या वरच्या अंगाला टू-स्ट्रोकमध्ये दट्ट्या, त्याच्या रिंगा, पिन, सिलिंडरचा ब्लॉक आणि वरचे झाकण यांखेरीज फारसे काही नसते. मोजक्या पान्यांनी तो भाग उतरवता येतो. दट्ट्या झिजला तर ब्लॉक लेथवर एका मापाने बोअर करायचा, मोठ्या मापाचा दट्ट्या घालायचा. सायलेन्सरमध्ये काजळी साचली तर ती जाळून काढायची. पिकअप कमी वाटला तर कार्बोरेटरचा जेट बदलून पाहायचा. सातपूर व अंबडच्या औद्योगिक वसाहती, ओझरचा १९६४ पासूनचा विमान-कारखाना, यांमुळे लेथवर हात बसलेल्या कारागिरांची नाशिकला वाण नव्हती. त्या कारागिरीला टू-स्ट्रोकने अभ्यासाचा विषय पुरवला. सिलिंडरमधील छिद्र किंचित उंच करणे, झाकण थोडे घासून दाब वाढवणे, सायलेन्सरचे पोट पत्र्यातून नव्याने वळवणे : वाल्टर काडेनने जे गणिताने केले, त्याचा मागोवा जिल्ह्याच्या गावातला मिस्त्री कानाने व हाताने घेत होता. चूक झाली तर एक ब्लॉक वाया जाई. फोर-स्ट्रोकवर असा प्रयोग करणे कठीण, कारण तेथे शक्ती वाढवण्याची किल्ली कॅमच्या सूक्ष्म आकारात व व्हॉल्वच्या मापात असते. त्या गोष्टी कानसीने साधत नाहीत, आणि फिरते एंजिन मोडले तर व्हॉल्व दट्ट्यावर आदळून सगळे डोकेच निकामी होते.

म्हणून मातीवरच्या स्वाराला टू-स्ट्रोक आवडते या विधानाचा आर्थिक व सामाजिक आशय असा मांडता येईल, की शर्यतीचे यंत्र आपल्याला समजावे, आपल्या आळीतल्या माणसाने उघडावे आणि आपल्या मिळकतीत पुन्हा उभे राहावे, अशी स्वाराची अपेक्षा होती. कारखान्याने नेमलेल्या स्वाराला ही चिंता नसते. त्याचे एंजिन दुसरा कोणी बांधतो. स्वतःच्या पैशाने खेळणाऱ्याला ती नेहमीच असते. या खेळात 'काही' स्वार टू-स्ट्रोक पसंत करतात आणि काही करत नाहीत, याची विभागणी कौशल्याप्रमाणे होत नसून बरीचशी याच रेषेवर होते.

जागतिक पातळीवर फोर-स्ट्रोकचे पुनरागमन झाले तेव्हाही शक्तीच्या तुलनेपेक्षा नियमांच्या भाषेने अधिक काम केले. कॅलिफोर्निया राज्याने १९९४ मध्ये रस्त्याबाहेरच्या मोटरसायकलींसाठीही धुराचे नियम संमत केले. १९९७ मध्ये डग हेन्री याने यामाहाच्या ४०० घनसेंटिमीटरच्या प्रायोगिक फोर-स्ट्रोकवर लास व्हेगासची सुपरक्रॉस शर्यत जिंकली. १९९८ मध्ये ते यंत्र विक्रीस आले. तथापि स्पर्धेच्या नियमांनी २५० च्या टू-स्ट्रोकसमोर जवळजवळ दुप्पट आकारमानाच्या फोर-स्ट्रोकला, आणि १२५ समोर २५० च्या फोर-स्ट्रोकला उभे राहू दिले होते, हे विसरले जाते. दुपटीचे जे गणित आरएक्स आणि सीडी यांच्या आकड्यांत टिकत नाही, तेच येथे नियमाचा पाया झाले. टू-स्ट्रोकचा पराभव झाला असे म्हणताना तो कोणत्या मापाने झाला, हा प्रश्न स्वारांनी वारंवार उपस्थित केला आहे, आणि तो सर्वस्वी गैरवाजवी म्हणता येणार नाही. २००७ नंतर होंडाने मोटोक्रॉसच्या टू-स्ट्रोक बंद केल्या. यामाहाने त्या चालू ठेवल्या, ऑस्ट्रियाच्या केटीएमने तर त्यांत इंधन-फवारणीची नवी योजना आणली. ऑस्ट्रियातच लोखंडाच्या खाणीत होणाऱ्या एर्झबर्गच्या अतिकठीण शर्यतीत, जेथे स्वाराला खडकांवरून गाडी अक्षरशः ओढून न्यावी लागते, ३०० घनसेंटिमीटरच्या टू-स्ट्रोकने वर्षानुवर्षे वर्चस्व गाजवले. तेथील गरज आणि इगतपुरीच्या चिखलातील गरज यांत प्रमाणाचा फरक आहे, जात एकच.

भारतात मात्र हा वाद मैदानावर मिटला नाही. तो धुराने मिटवला. न जळालेले मिश्रण आणि त्याबरोबर जाणारे तेल, हा टू-स्ट्रोकचा जन्मजात दोष मोठ्या शहरांत असह्य झाला होता. पेट्रोलमध्ये लिटरमागे वीस ते चाळीस मिलिलिटर तेल मिसळायचे. सुटे, हलक्या प्रतीचे तेल अंदाजाने ओतले जाई, आणि निळ्या धुराचे लोट निघत. दिल्लीत १९९८ च्या अखेरीपासून टू-स्ट्रोक वाहनांना ठरावीक प्रमाणात तेल मिसळलेलेच पेट्रोल देण्याची सक्ती झाली. दुचाकींसाठी देशव्यापी मर्यादा १९९१ पासून होत्या. त्या १९९६ मध्ये कडक झाल्या. त्या वर्षी किलोमीटरमागे कार्बन मोनॉक्साइडची मर्यादा ४.५ ग्रॅम, आणि हायड्रोकार्बन व नायट्रोजनची ऑक्साइडे यांची मिळून ३.६ ग्रॅम होती. २००० मध्ये दोन्ही आकडे २ ग्रॅमवर आले, २००५ मध्ये दीडवर, २०१० मध्ये एकवर. डॉ. रघुनाथ माशेलकर यांच्या अध्यक्षतेखालील समितीने २००२ मध्ये सादर केलेल्या वाहन-इंधन धोरणाच्या अहवालाने या वाटचालीला सुसूत्र रूप दिले. वाहनांची तपासणी करणारी प्रमुख संस्था, ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया, पुण्यातच आहे. उत्प्रेरक बसवून काही टू-स्ट्रोक गाड्यांनी २००० ची पायरी ओलांडली, पण पुढची चढण महाग होती. आरएक्स १०० चे उत्पादन १९९६ मध्येच थांबले होते. तिची धाकटी बहीण आरएक्स १३५ सुमारे २००५ पर्यंत टिकली.

या निर्णयाच्या योग्यतेबद्दल शंका घेण्यास जागा नाही. चौकात उभ्या राहणाऱ्या वाहतूक-पोलिसाच्या आणि शाळेत चालत जाणाऱ्या मुलाच्या फुप्फुसांपुढे शर्यतीच्या हौशीचे मोल कमीच आहे. टू-स्ट्रोकचे अभिमानी हा मुद्दा टाळतात, आणि त्यामुळे त्यांची बाजू उगीचच दुबळी होते. परंतु नियम करताना जे उद्दिष्ट नव्हते असेही काही घडले, आणि इतिहासाने त्याची दखल घ्यावयास हवी. मातीवरच्या खेळाला स्वस्तात मिळणारा यंत्रसाठा आटला. भारतात शर्यतीसाठी मुद्दाम बनवलेली वाहने कधीच विपुल नव्हती; खेळ चालला तो रस्त्यावरच्या जुन्या टू-स्ट्रोक सोलून, त्यांचे दिवे-मडगार्ड उतरवून, मागचे शॉकअप बदलून. हा ओघ बंद पडल्यावर भारतीय बनावटीच्या वर्गांत फोर-स्ट्रोक आल्या, आणि २०१९ मध्ये हीरोची एक्सपल्स २०० बाजारात आल्यावर मातीवर उतरण्याजोगी माफक किमतीची फोर-स्ट्रोक सामान्य स्वारास मिळाली. तिच्यावर शिकलेली पिढी टू-स्ट्रोकच्या अभावाने अडून राहिलेली नाही, हेही नोंदवले पाहिजे.

जुनी पसंती मात्र नाहीशी न होता तिचा सामाजिक पत्ता बदलला. सुस्थितीतील आरएक्स १०० ही आज जुन्या बाजारात तिच्या मूळ किमतीच्या कितीतरी पटींनी विकली जाते. ती विकत घेणारा तिला उंचवट्यावरून उडवत नाही, पुसून ठेवतो. दुसऱ्या टोकाला, शर्यतीच्या खऱ्या टू-स्ट्रोक भारतात आहेत, पण त्या परदेशांतून भारी सीमाशुल्क भरून आणलेल्या, रस्त्यावर नोंदणी न होणाऱ्या. २०२४ च्या जानेवारीत पुण्याच्या बालेवाडी क्रीडासंकुलात इंडियन सुपरक्रॉस रेसिंग लीगची पहिली शर्यत झाली. तिथे प्रौढांचे वर्ग २५० व ४५० घनसेंटिमीटरचे होते, आणि मुलांचा वर्ग ८५ चा. ८५ हे जगभर किशोरांच्या टू-स्ट्रोकचे माप आहे. जे यंत्र एके काळी दूधवाल्याकडून उतरत्या किमतीत मिळे आणि म्हणून पसंत पडे, तेच आता मुलाच्या शिक्षणासाठी परदेशी यंत्र मागवू शकणाऱ्या घरात पसंत पडते. दोन्ही घरांतील स्वार एकच वाक्य बोलतात, की टू-स्ट्रोकवर शिकलेला हात पक्का होतो, कारण क्लच व मूठ यांचा मेळ न साधल्यास ती क्षमा करत नाही. वाक्य एक असले तरी त्यामागची परिस्थिती एक नाही.

मिस्त्रीचे काय झाले, हा भाग अजून लिहावयाचा राहिला आहे. टू-स्ट्रोकची विद्या रस्त्यावरून हटली तरी नाशिक जिल्ह्यातून पुरती हटलेली नाही. निफाड-दिंडोरीच्या द्राक्षबागांत पाठीवर घ्यावयाचे पेट्रोलचे फवारणी-पंप, गवत कापण्याची यंत्रे यांतील लहान एंजिने पुष्कळदा याच जातीची असतात. पेट्रोलमध्ये तेल मिसळण्याचे माप, काजळीने काळा पडलेला प्लग, चिकटलेली रिंग या गोष्टी तेथे आजही रोजच्या कामातल्या आहेत. हंगामात पंप दुरुस्त करणाऱ्या दुकानांपैकी काही दुकानांच्या मागल्या भिंतीला जुन्या मोटरसायकलींचे सिलिंडर टांगलेले दिसतात. एखादा स्वार शहरातून ब्लॉक घेऊन येतो, तेव्हा फवारणीचे काम थोडा वेळ बाजूला राहते.